रस्त्याच्या खाली गेलेलं घर: दारव्हा तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्ती-खर्चाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२५. पहिली पाहणी

मिळकत गावठाणातली, गावातून जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून. रस्त्याकडची बाजू २८ फूट, मागे ६० फूट. पुढचा भाग २८ × १८ फूट: मातीच्या जुडाईच्या, विटांच्या १५ इंची भिंती, वर सागवानी मयाल-फाट्यांवर (तुळया-वाशांवर) कवेलू (कौलं). मध्ये मोकळी सांद, मागे १० × १२ च्या दोन स्लॅबच्या खोल्या, त्यामागे सांदवाडी (परस). मालक बाहेरगावी असल्यामुळे घर बरीच वर्षं बंद. मागणी ४,५०,००० रुपये.

हेतू असा: पुढे शटरचे दोन गाळे काढायचे, मागच्या दोन खोल्या एका कुटुंबाला भाड्याने द्यायच्या. गावात आठवडी बाजार भरतो, शाळा आहे, आरोग्य उपकेंद्र आहे. गाळ्याला कृषी केंद्र किंवा किराणा मिळू शकतो.

स्थानिक ठेकेदाराचा तोंडी अंदाज: ८०० चौरस फूट बांधकाम, ५०० रुपये फूट, म्हणजे ४ लाख. हा आकडा एवढ्याचसाठी नोंदवला की शेवटच्या आकड्याशी तो ताडून पाहता यावा. नवीन घराला फुटाचा भाव काही अंशी चालतो, कारण प्रत्येक फुटात साधारण सारखंच काम असतं. जुन्या घरात एका फुटाला नुसता रंग लागतो आणि शेजारच्या फुटाला पायापासून काम लागतं.

कागद: ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहिला. स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीनंतर निघालेली सनद (मिळकतीचा दाखला) मालकाकडून मागवली. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. लांबी-रुंदी सनदेवरच्या नकाशाशी जुळवायची.

१६ नोव्हेंबर. लेव्हल

भाव विचारण्याआधी लेव्हल घेतली. ५० फुटी पारदर्शक नळी, पाण्यात थोडी नीळ, नळीत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. रस्त्याची कड हा आधारबिंदू धरला. मापं इंचांत, रस्त्याच्या कडेपेक्षा खाली:

रस्त्याकडच्या नालीचा वरचा काठ २, पुढच्या भागाची जमीन १२, मागच्या खोल्यांची फरशी २, सांदवाडीची मागची कड ९.

पुढची जमीन रस्त्यापेक्षा एक फूट खाली आहे. घर बांधलं तेव्हा ते नक्की वर असणार. प्रत्येक वेळी जुना थर न खरडता त्यावरच खडी-डांबर पडलं आणि रस्ता चढत गेला. विदर्भातल्या रस्त्याकाठच्या बऱ्याच जुन्या घरांची हीच गत आहे, आणि पाहायला येणारा माणूस वर कवेलूकडे पाहतो, खाली उंबरठ्याकडे पाहत नाही.

या १२ इंचांमुळे सगळा अंदाज बदलतो. गाळ्यात पाणी शिरू नये म्हणून जमीन रस्त्यापेक्षा निदान ६ इंच वर हवी, म्हणजे १८ इंच भराव. भिंतीची वळचणीकडची उंची आज ९ फूट आहे, भराव झाल्यावर ७.५ उरते. ८ फुटी शटर त्यात बसत नाही. म्हणजे भिंती उचलायच्या, म्हणजे छत काढायचं, म्हणजे कवेलूची डागडुजी हा विषयच संपला. शिवाय पुढचा भाग भरून उंच झाला की मागच्या खोल्या त्यापेक्षा ८ इंच खाली जातात, तेव्हा मधल्या सांदीचं पाणी पुढे काढता येणार नाही, मागेच न्यावं लागेल. एका मापाने पाच कामं वाढली.

पुढची भिंत पाडून नवी घेताना एक धोका आहे. जुनी भिंत उभी असेपर्यंत कोणी काही म्हणत नाही, पण ती पाडली की रस्त्याच्या हद्दीचा प्रश्न निघतो आणि नवी भिंत मागे घ्यावी लागू शकते. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहून त्या कार्यालयाचं आणि ग्रामपंचायतीचं लेखी उत्तर आल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

१८ नोव्हेंबर. खड्डे आणि भेग

दोन खड्डे घेतले, एक पुढे रस्त्याच्या बाजूला, एक मागच्या खोलीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला लागून. दोन्हीकडे वर काळी कापसाची माती, साडेसहा फुटांवर पिवळा कडक मुरूम. मागच्या खोलीचा दगडी पाया तीनच फूट खोल निघाला. म्हणजे खोली मुरमावर नाही, काळ्या मातीवर तरंगते आहे.

नैर्ऋत्य कोपऱ्यात खिडकीच्या वरच्या कोनातून छताकडे तिरकी भेग आहे. वर ६ मिलिमीटर, खाली २. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर कोपरा खाली बसून बाहेर कलतो आहे असं समजायचं. ओळंबा सोडला तर ९ फुटांत भिंत पाऊण इंच बाहेर. कारण बाहेरच दिसलं: न्हाणीचं पाणी याच कोपऱ्याशी उघड्यावर पडत होतं. घर वापरात होतं तोवर तिथली माती बारमाही ओली आणि फुगलेली राहिली. घर बंद झालं, न्हाणी सुकली, माती आकसली आणि कोपरा बसला. बाकीच्या घराखालची माती आपल्या पावसाळा-उन्हाळ्याच्या चक्राने हलत राहिली.

काळ्या मातीतली भेग उन्हाळ्यात उघडते आणि श्रावण-भाद्रपदात मिटते. मे महिन्यात सिमेंटने भरलेली भेग पावसाळ्यात मिटू पाहते, आत सिमेंट असतं म्हणून भिंत दुसरीकडे फुटते. म्हणून आज भेगेला हात लावला नाही. आडव्या दोन काचपट्ट्या (४ इंच × १ इंच, २ मिलिमीटर जाड) दोन्ही टोकांना एपॉक्सीने चिकटवल्या, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. काच चिकटवण्याआधी तिथला चुना-रंग विटेपर्यंत खरडावा लागतो. नाहीतर भिंत हलली तरी रंगाचा पोपडा सुटतो, काच शाबूत राहते आणि भिंत स्थिर असल्याचा गैरसमज होतो.

२० नोव्हेंबर. मागचे दोन स्लॅब

अर्ध्या किलोच्या हातोडीने खालून ठोकत गेलो. चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द जागांभोवती खडूने रेषा ओढल्या.

डावी खोली: निम्म्याहून जास्त भाग बद्द, तीन ठिकाणी सळाख उघडी. गंज तारेच्या ब्रशने काढून व्हर्निअरने मोजलं: मूळ ८ मिलिमीटरची सळाख ६.२ उरली आहे. व्यासात हा फरक किरकोळ वाटतो, पण ताकद क्षेत्रफळावर असते. ६.२ चा वर्ग भागिले ८ चा वर्ग, म्हणजे ६० टक्के लोहा शिल्लक, ४० टक्के गेला. हा स्लॅब पाडायचा.

उजवी खोली: दोनच ठिकाणी बद्द, सळाख ७.४ मिलिमीटर, घट १४ टक्के. सुटलेलं काँक्रीट काढणं, सळाखेच्या मागेपर्यंत खोदणं, गंज साफ करणं, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मसाला. दुरुस्ती चालेल.

दोन्हीकडे मूळ दोष एकच. सळाख ओततेवेळी सेंट्रिंगच्या (ओतकामाच्या साच्याच्या) पाटीवरच टेकलेली होती, खाली काँक्रीटचं आवरण जेमतेम ८ ते १० मिलिमीटर. २० मिलिमीटरचे सिमेंटचे ठोकळे सळाखेखाली ठेवले असते तर आज हा खर्च नसता. ठोकळ्याची किंमत किरकोळ, तरी आजही गावातल्या कामांवर त्याऐवजी गिट्टीचा खडा सरकवतात. तो काँक्रीट ओतताना घसरतो.

२५ नोव्हेंबर. भिंती, ओल, उधई (वाळवी)

पुढच्या भागाच्या भिंती तळापासून तीन फुटांपर्यंत ओल्या, विटांवर पांढरं मीठ फुटलेलं. जमिनीवर दोन फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवलं होतं, आज काढलं तर खालच्या बाजूने दवासारखे थेंब. ओल खालून येते आहे. भिंतीत ओल-रोधक थर नाही.

इथे १:४ सिमेंटची (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) छपाई, म्हणजे प्लास्टर, करायची म्हटलं की सगळे मिस्त्री हो म्हणतात, कारण ती भराभर होते. मातीच्या जुडाईवर ती टिकत नाही. भिंत मऊ आणि छपाई कडक, शिवाय ओल बाहेर पडायचा मार्ग बंद होतो. मीठ छपाईच्या मागे साचतं, फुगतं आणि दोन पावसाळ्यांत ताटाएवढे पोपडे सुटतात. ठरलं ते असं: सांध्यांमधली माती पाऊण इंच खोल खरवडायची, भिंत ब्रशने झाडून ओली करायची, मग १:१:६ सिमेंट-चुना-रेती. खालच्या तीन फुटांत सिमेंट जेवढं कमी तेवढं बरं, तिथे १:२:९. चुना वणीकडचा मिळतो, भिजवून चाळून घ्यायचा. रंगही त्या पट्ट्यात श्वास घेणारा, चुन्याचाच. तेलरंगाची पट्टी ओढायची नाही.

जुन्या भिंतीवर छपाईची जाडी १२ मिलिमीटर धरणं ही अंदाजातली नेहमीची चूक. सपाट नव्या भिंतीला १०० चौरस फुटांना १:४ मध्ये साधारण १ बॅग सिमेंट आणि ५ घनफूट रेती लागते. इथे दोरी लावून पाहिलं तर खड्डे-उंचवटे धरून सरासरी २० मिलिमीटर बसते, म्हणजे मसाला पावणेदोन पटीच्या आसपास. माल मागवताना हाच आकडा धरायचा.

उधई: दोन फाट्यांत आणि मागच्या चौकटीत. भरावाच्या आधी भिंत-जमीन सांध्यावर फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची छिद्रं, क्लोरपायरीफॉस २० ईसी १ भाग आणि पाणी १९ भाग. शेजाऱ्यांची विहीर आहे त्या बाजूला हे औषध वापरायचं नाही. तिथे चौकट लाकडाऐवजी लोखंडी.

२ डिसेंबर. भाव

खालचे भाव या कामाला, साइटवर पोहोच, करासह मिळालेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीची कोटेशनं बाजूला काढली.

सिमेंट ३६० रुपये बॅग. सळाख ५८ रुपये किलो. रेती ७,५०० रुपये ब्रास. गिट्टी २० मिलिमीटर ३,८०० रुपये ब्रास. मुरूम १,९०० रुपये ब्रास. लाल वीट ७.५० रुपये नग. रंगीत पत्रा १२८ रुपये धावता फूट.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण ट्रॉली म्हणजे ब्रास नव्हे. ट्रॉलीचा हौदा आतून टेपने मोजायचा, वरचा ढीग धरायचा नाही. ओलसर रेती फुगते, पाचवा-चौथा हिस्सा सहज जास्त दिसते, म्हणून ओली रेती आली तर त्या हिशेबाने कमी धरायची. मूठभर रेती पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली, तासाभराने वर बसलेल्या मातीचा थर पाहिला: पहिल्या नमुन्यात तो रेतीच्या उंचीच्या आठव्या हिश्शाएवढा. तो नमुना परत. रेतीची वाहतूक पावती प्रत्येक खेपेची ठेवायची. घरकुलाच्या लाभार्थ्यांना मिळणारी ५ ब्रास मोफत रेती गावात सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तिचा या कामाशी संबंध नाही आणि ती विकत घ्यायची नाही.

फरशीचा एक बारीक हिशेब. दोन बाय दोनच्या चार टाइलच्या पेटीला दुकानात १६ फूट म्हणतात. टाइल ६०० मिलिमीटरची असते, पेटीत १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट. गाळ्यांची जमीन ३७६ चौरस फूट, तुटफूट १० टक्के धरून ४१४. सोळाने भागलं तर २६ पेट्या, खऱ्या मापाने २७. शेवटची एक पेटी महिन्याभराने आणायला गेलं की त्याच छटेची मिळत नाही.

५ डिसेंबर. मोजमापं

पुढची भिंत पाडून ९ × १२ इंचांचे तीन कॉलम, पाया साडेसहा फुटांवर मुरमात, ३.५ × ३.५ × १ फूट फूटिंग (कॉलमखालचा रुंद तळ), वर २८ फूट लांब ९ × १२ बीम. काँक्रीट ९१.५ घनफूट, म्हणजे २.५९ घनमीटर. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे ८ बॅगा धरून २१ बॅगा, रेती ३८ घनफूट, गिट्टी ७७, सळाख २८० किलो. मातीच्या भिंतीत ९ फुटी भोक पाडून वर लोखंडी गर्डर टाकायचा स्वस्त मार्गही सुचवला गेला. गर्डर ज्यावर टेकणार ती भिंतच मातीने जोडलेली आहे, म्हणून तो घेतला नाही.

उरलेल्या तीन बाजू आणि मधली भिंत: वरचे सुटे थर काढून ९ × ६ इंचांचा काँक्रीट पट्टा, ७४.५ फूट. सळाख १० मिलिमीटरच्या चार, ८ मिलिमीटरच्या रिंगा ८ इंचांवर, एकूण ९५ किलो. त्यावर दोन फूट आणि त्रिकोणी भिंती ९ इंची जुडाईत. पुढच्या बीमवरची एक फूट धरून २०० घनफूट, विटा २,७००. पट्ट्यातून १२ मिलिमीटरच्या सळाखा जुडाईतून वर काढून कैच्यांना (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना) जोडायच्या. मे-जूनच्या वावटळीत पत्रा नुसता उडत नाही, खालची सुटी जुडाई घेऊन उडतो.

छत: २० अंश उतार, १२ फुटी २० पत्रे, मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक कैची, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे आधार) ६० × ४० × २ चा चौकोनी पाइप चार फुटांवर. एकूण लोखंड ३८० किलो. पत्रा ०.५० सांगून ०.४५ देतात, मायक्रोमीटर लावल्याशिवाय गाडीतून उतरवायचा नाही. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही, आणि रबराचा वॉशर चेपून फाटेपर्यंत आवळायचा नाही.

भराव: ३७६ चौरस फूट × १.५ फूट = ५६४ घनफूट दाबलेला. सैल माल ७ ब्रास. सहा-सहा इंचांचे थर, पाणी, धुम्मस (ठोकून दाबणं). खड्ड्यांतून निघालेली काळी माती भरावात परत टाकायची नाही. मजूर ती टाकतातच, कारण ती समोर पडलेली असते. त्यामुळे ती पहिल्याच दिवशी साइटबाहेर.

डावा स्लॅब: भिंतीवरचा टेकू धरून १५५ चौरस फूट, ५ इंच जाड, १.८३ घनमीटर. सिमेंट १५ बॅगा, रेती २७, गिट्टी ५४ घनफूट, सळाख १२० किलो. सळाखेचा आराखडा इंजिनिअरच्या सहीचा.

संडास-न्हाणी मागे. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी शोषत नाही, पावसाळ्यात तो नुसता हौद होतो. तो मुरमात घुसेल एवढा, ९ फूट खोल घ्यायचा. शेजारच्या विहिरीपासूनचं अंतर टेपने ५८ फूट भरलं, ५० च्या वर आहे.

९ डिसेंबर. गोषवारा (रुपये)

तोडकाम, मलबा: ३८,०००
कॉलम, फूटिंग, बीम: ५३,०००
पट्टा व जुडाई: ५१,०००
छत: ७०,०००
भराव, कोबा, टाइल: ६६,०००
डावा स्लॅब नवा: ३६,०००
उजवा स्लॅब दुरुस्ती: १८,०००
छपाई १,९०० चौरस फूट: ७२,०००
शटर, दारं, खिडक्या: ६१,०००
वीज: ४५,०००
संडास, नळ, शोषखड्डा: ७८,०००
पुट्टी, रंग: ३४,०००
भोवतालचा उतार, पाण्याची वाट: २२,०००
इंजिनिअर, पाणी, किरकोळ: २०,०००

बेरीज ६,६४,०००. जुन्या सागवानातलं २२ घनफूट सणसणीत निघेल, १,००० रुपयांनी २२,००० वजा. (गावाबाहेर न्यायचं तर आधी वनविभागाकडे वाहतूक परवान्याची विचारणा.) उरले ६,४२,०००.

अनपेक्षित खर्चासाठी सरसकट १० टक्के धरलेले नाहीत. त्या दहा टक्क्यांचं नाव कोणालाच माहीत नसतं, मग ते शटरच्या रंगात किंवा महागड्या नळात जातात. इथे नावं लिहिली: नैर्ऋत्य कोपऱ्याचा पाया खाली मुरमापर्यंत नेणं ३०,०००, उजवा स्लॅब खोदल्यावर खराब निघाला तर जादा १८,०००, रेती-मजुरीची वाढ ७,०००. एकूण ५५,०००. ज्या नावाचे पैसे लागले नाहीत ते दुसऱ्या नावाला जाणार नाहीत.

एकूण ६,९७,०००. तोंडी अंदाजापेक्षा २,९७,००० जास्त. यातला मोठा वाटा कॉलम, पट्टा, भराव आणि छत यांचा, म्हणजे त्या १२ इंचांचा.

१० डिसेंबर. किती किमतीला घ्यायचं

भाडं दोन गाळे ४,००० प्रमाणे, मागच्या खोल्या ३,०००. महिन्याला ११,०००. वर्षाचे बारा नव्हे, दहाच महिने धरले, कारण खेड्यात गाळा रिकामा झाला की पुढचा भाडेकरू हंगामाच्या तोंडावरच येतो. १,१०,०००. घरपट्टी आणि दुरुस्ती १२,००० वजा, हाती ९८,०००. वर्षाला ९ टक्के सुटायचे तर एकूण गुंतवणूक १०,८९,००० च्या वर जाता कामा नये. त्यातून ६,९७,००० आणि कागदपत्रं, मुद्रांक, नोंदणी मिळून ४०,००० वजा केले की खरेदीला ३,५२,००० उरतात, मर्यादा ठोक ३,५०,००० धरली.

४ लाखांच्या तोंडी अंदाजावर हाच हिशेब केला असता तर खरेदीची मर्यादा ६,४९,००० दिसली असती, आणि ४,५०,००० ची मागणी स्वस्त वाटून त्याच दिवशी इसार गेला असता.

१७ डिसेंबर. मजूर आणि हंगाम

मिस्त्री ८५०, कुली ५००, रेजा (बाया मजूर) ४०० रोज. कापूस वेचणी जोरात असल्याने रेजा मिळत नाहीत, मिळाल्या तरी टिकत नाहीत. वेचणी उरकल्यावर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात धरली. काँक्रीटची सगळी कामं मार्चअखेर संपवायची: एप्रिलपासून नळाला दिवसाआड पाणी, टँकरचा खर्च वेगळा आणि तराई (काँक्रीट ओलं ठेवणं) चुकते. स्लॅबवर मातीच्या आळ्या करून दहा दिवस पाणी साचवायचं, नुसतं शिंपडलेलं दुपारपर्यंत राहत नाही. छत मेच्या आधी बसलं पाहिजे.

मजुरीचा करार फुटावर, पण खुणेच्या टप्प्यांनी: मुरूम लागल्याचं पाहून फूटिंग, सळाख आणि ठोकळे तपासून ओतकाम, पाण्याने उतार तपासून कोबा. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी फोटो, फोटोत टेप दिसला पाहिजे.

८ जानेवारी २०२६. सौदा

दोन्ही कार्यालयांची लेखी उत्तरं आली. पुढची भिंत आहे त्याच रेषेत घेता येते, शटरचं दार आणि पायरी मात्र हद्दीच्या आतच. सनदेवरची मापं टेपशी जुळली, रुंदीत ३ इंचांचा फरक.

मालकांसमोर लेव्हलचा कागद आणि स्लॅबचे फोटो ठेवले, त्यांच्याच उंबरठ्यावर नळी धरून दाखवली. लाकूड आणि कवेलू त्यांना स्वतःच्या शेतातल्या कोठ्यासाठी (गोठ्यासाठी) हवेत. ते त्यांनी न्यायचे, सौदा ३,३०,००० ला. आपल्या हिशेबातली सागवानाची २२,००० ची वजावट रद्द, म्हणजे मर्यादा ३,२८,००० होती. २,००० जास्त गेले, पण कवेलू उतरवून नेण्याची मजुरी त्यांच्याकडे, तोडकामात त्याहून जास्त वाचतात.

२१ जानेवारी. काचपट्ट्या

वरची पट्टी मधोमध तडकली आहे, फट ०.८ मिलिमीटर. खालची शाबूत. नोव्हेंबरपासून माती सुकत आली, त्यामानाने ही हालचाल अपेक्षेतली. ती नुसती मोसमी आहे की कोपरा अजून बसतोच आहे, हे ऑगस्टमध्ये फट मिटते का यावरच ठरेल. तोवर कोपऱ्याच्या नावाचे ३०,००० राखून ठेवायचे. न्हाणीचं जुनं तोंड बंद करून भोवती तीन फूट रुंद उताराचा कोबा मात्र पहिल्याच आठवड्यात, कारण पाणी थांबल्याशिवाय काचपट्टीच्या वाचनाला अर्थ नाही. कोपऱ्याची आतली-बाहेरची मिळून ६० चौरस फूट छपाई आणि त्यावरचा रंग ऑक्टोबर २०२६ मध्ये. मिस्त्रीच्या बिलातून तेवढी रक्कम आत्ताच वेगळी काढली. नव्या दोन पट्ट्या लावल्या, तारीख भिंतीवर.